पंगतीतले नागरिकशास्त्र

शाळेतल्या विषयांमध्ये नागरिकशास्त्र हा नेहमीच धाकटा भाऊ राहिला. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेला, थोड्या गुणांचा, परीक्षेच्या आदल्या रात्री उरकून टाकायचा. राष्ट्रपती व्हायला वय किती लागते, राज्यसभेच्या सदस्याची मुदत किती वर्षांची, ग्रामपंचायतीची कामे कोणती... रिकाम्या जागा भरल्या, जोड्या जुळवल्या की नागरिकत्व संपले! ग्रामसभेची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या मुलाला गावच्या ग्रामसभेत कुणी फिरकूही देत नसे, आणि त्यात काही विसंगत आहे असे कुणाला वाटतही नसे.

अलीकडे हे चित्र बदलायचे मनावर घेतलेले दिसते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पुस्तकातले ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या काळात केव्हातरी मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकावे असे सुचवले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम म्हणते की मुलाच्या आयुष्याशी निगडित गोष्टींत त्याचे मत ऐकून घेतले पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ साली मान्य केली. 'अनुभवातून शिक्षण', 'विद्यार्थ्यांचा सहभाग', 'मुलांचा आवाज' हे शब्द आता शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरांत सर्रास ऐकू येतात. ऐकणाऱ्याला वाटावे, ही सगळी नवलाई परदेशातून आलेली आहे.

पण बेळगाव-निपाणीच्या पट्ट्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर वेगळेच काही हाती लागते. आम्हां गोमंतकीयांना हा मुलूख परका नाही. आमच्या स्वयंपाकघरातली भाजी चोर्ला घाट उतरून बेळगावहून येते, आणि पोर्तुगीज अमदानीत शिकण्यासाठी घाट चढून बेळगाव गाठणारी मुलेही आमचीच होती. तरी बेळगाव म्हटले की आपल्याला सीमावाद तेवढा आठवतो. त्या वादाच्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. या मुलखातल्या शाळकरी मुलांना नागरिक व्हायला कुणी शिकवले? आणि शिकवताना त्यांना काही विचारले का?

सुरुवात करूया १९२४ च्या डिसेंबरपासून. २६ आणि २७ डिसेंबरला बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते या बेळगावात. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे. अधिवेशनासाठी उभारलेल्या नगराला 'विजयनगर' असे नाव दिले होते. पाण्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून दाखवतात. हजारो माणसांची उठबस, जेवणखाण, राहणे, दिवाबत्ती, पहारा हे सारे स्वयंसेवकांनी सांभाळायचे होते. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे हिंदुस्तानी सेवा दल जेमतेम वर्षभरापूर्वी स्थापन झाले होते, आणि बेळगाव ही त्याची मोठी परीक्षा होती.

त्यातही एक काम असे होते की ज्याच्या वाटेला सहसा कुणी जात नसे, ते म्हणजे संडाससफाईचे. ते काम अंगावर घेणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते काकासाहेब कालेलकर. काकासाहेबांचे बेळगावशी जुने नाते. त्यांच्या बालपणाचा मोठा भाग याच मुलखात गेला. 'स्मरणयात्रा' वाचलेल्यांना बेळगाव, शहापूर, कारवार, सावंतवाडी ही सगळी गावे एका शाळकरी मुलाच्या डोळ्यांनी पाहिल्याचे आठवत असेल. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते काही काळ बेळगावच्या गणेश विद्यालयाचे मुख्याध्यापकही होते. ज्या गावात आपण मास्तर म्हणून वावरलो त्याच गावात, ज्यांच्या घरात शेकडो वर्षांत कुणी झाडू हाती धरला नव्हता अशा तरुणांना घेऊन हा गृहस्थ संडास साफ करायला उभा राहिला. पुढे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर 'नई तालीम' शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. त्या समितीत कालेलकर होते. हाताने काम करता करता शिकायचे हा विचार त्यांच्याबाबतीत नुसता पुस्तकातला नव्हता, एवढे यावरून समजावे.

याच अधिवेशनात धारवाडहून आलेली एक अकरा वर्षांची मुलगी स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये होती. तिचे नाव गंगूबाई. पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका म्हणून जग ज्यांना ओळखू लागले त्या गंगूबाई हनगल. समोर गांधीजी बसलेले, मंडप माणसांनी भरलेला, आणि ही पोर गाते आहे. किती अभिमानाचा क्षण! पण म्हातारपणी त्या दिवसाची आठवण सांगताना गंगूबाई आणखी काही सांगत. त्या वेळी त्यांच्या मनात एक धास्ती होती. आपली जात खालची समजली जाते, तेव्हा गाणे झाल्यावर, जेवणे उरकल्यावर, उष्ट्या पत्रावळी उचलायला आपल्याला तर सांगणार नाहीत ना?

या आठवणीपाशी मी नेहमी थबकतो. एका बाजूला उच्चवर्णीय तरुण आपण होऊन झाडू हाती घेत होते, आणि ते खरोखरच मोठे पाऊल होते. दुसऱ्या बाजूला त्याच मांडवात एका शाळकरी मुलीला, हेच काम आपल्यावर लादले जाईल काय, याची भीती वाटत होती. दोघांपुढचे काम एकच, पण एकाने ते निवडलेले आणि दुसरीला ते जन्माने चिकटण्याची भीती. अनुभवातून शिक्षण ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही ती यामुळे. कोणता अनुभव, आणि तो कुणी निवडला, हे आधी विचारावे लागते. गंगूबाईंचा गळा सर्वांनी ऐकला, मनातली गोष्ट मात्र तेव्हा कुणी विचारली नाही. देवळाशी बांधलेल्या कलावंत परंपरेतून आलेल्या किती गायिकांच्या बाबतीत हेच घडले, हे गोव्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता थोडे मागे जाऊ. पंगतीचा प्रश्न या मुलखात त्याआधीच पेटला होता, आणि तो पेटवणारा एक विद्यार्थीच होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे उघडायला उत्तेजन दिले. बोर्डिंग हा शब्द तेव्हापासून इथल्या मराठीत असा रुजला की 'वसतिगृह' हा शब्द अजून परका वाटतो. खेड्यातला पोरगा बोर्डिंगात राहिला म्हणजे शिकला, असे समीकरणच झाले. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले की अंघोळ कर, मगच जेवणाच्या पंगतीत बस. त्याने साफ नकार दिला. बोर्डिंगातून त्याची हकालपट्टी झाली. हा विद्यार्थी म्हणजे कुंभोजला जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील, पुढचे कर्मवीर.

भाऊरावांचे घराणे जैन शेतकऱ्यांचे. हातकणंगले, शिरोळपासून निपाणी, चिकोडीपर्यंतच्या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ. घरात कानडी, बाजारात मराठी, सोयरीक दोन्हीकडे. भाषेची सीमा इथे नकाशावर नसते, घराच्या उंबऱ्यावर असते आणि दिवसातून दहा वेळा ओलांडली जाते. अशा मुलखातून आलेल्या या मुलाने परीक्षेत मोठा पराक्रम गाजवला नाही. पण पंगतीत त्याने दिलेला तो नकार पुढे महाराष्ट्राच्या शिक्षणाला पुरून उरला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत. आळीपाळीने स्वयंपाक करीत, पाणी भरीत, जळण आणीत आणि एका पंगतीला बसून जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. बोर्डिंग चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा विकले, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना नावारूपाला आली.

या बोर्डिंगांना आजच्या भाषेत काय म्हणावे? प्रकल्प? उपक्रम? तिथल्या मुलांना नागरिकशास्त्राचा वेगळा तास लागत नव्हता. आज भाकऱ्या कुणी थापायच्या, पाण्याला कुणी जायचे, कुणाचे पीठ कमी आले, आजारी पडलेल्याचे काम कुणी करायचे, हे रोज ठरवावे लागे आणि ठरवलेले पाळावे लागे. कारण चुकले तर सगळे उपाशी! समतेवर भाषण देणे सोपे असते. शेजारी बसलेल्या मुलाच्या हातची भाकरी खाणे हा तिचा खरा पाठ. आणि हा पाठ ज्याने घालून दिला त्याला तो कुणी शिकवला नव्हता, त्याला त्यासाठी शिक्षा झाली होती.

निपाणीतही त्याच सुमारास एक घटना घडली. १९२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीला भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित होते. परिषद भरली तेव्हा त्यांची बहिष्कृत हितकारिणी सभा एक वर्षाचीही झालेली नव्हती. त्याच वर्षाच्या जानेवारीत सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले होते. त्या वसतिगृहातल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. विचार करा, ज्यांच्या बापजाद्यांना पाटी हातात धरता आली नव्हती ती मुले वसतिगृहात राहायला येतात काय, आणि मासिक काढतात काय! पुढे १९२९ च्या सुमारास धारवाडलाही असेच वसतिगृह निघाले. ते सांभाळणारे बळवंतराव वराळे यांचा निपाणीशी घरोबा. 'डॉ. आंबेडकरांचा सांगाती' हे त्यांचे आठवणींचे पुस्तक या भागातल्या चळवळीचा एक महत्त्वाचा ऐवज आहे. आज धारवाड आणि निपाणी एकाच राज्यात आहेत, सोलापूर दुसऱ्या. तेव्हा सगळाच मुंबई इलाखा होता, आणि शिकू पाहणाऱ्या मुलाला कानडी मुलूख कुठे संपतो याची चौकशी करावी लागत नव्हती.

या दोन्ही भाषांच्या मुलखात सारख्याच सहजतेने वावरलेला आणखी एक माणूस म्हणजे जे. पी. नाईक. जन्म ५ सप्टेंबर १९०७, आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात गणित शिकले, तिथेच शिकवले, सविनय कायदेभंगात तुरुंगात गेले. सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कानडी खेड्यात जाऊन बसले आणि आरोग्य, साक्षरता, स्वच्छता यांत काही वर्षे घालवली. मग १९४७ साली भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे राहिले त्यामागे ते होते. निपाणीहून मुदाळ तिट्ट्यावरून सरळ रस्ता गारगोटीला जातो. लहान मुलांच्या शाळेपासून ग्रामीण उच्च शिक्षणापर्यंत सारे एका आवारात, आणि शिक्षण खेड्याच्या गरजांना बांधलेले, अशी ती कल्पना होती. पत्नी चित्रा नाईक याही मोठ्या शिक्षणतज्ज्ञ, गारगोटीच्या कामात त्याही होत्या.

हे नाईक पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. आयोगाने शिफारस केली की प्रत्येक मुलाच्या शिक्षणात 'कार्यानुभव' आणि समाजसेवा असावी. शेत, कारखाना, कार्यशाळा, घर, जिथे खरे काम चालते तिथे मुलाने हात घालावा. म्हणजे उप्पिन बेटगेरीच्या गल्ल्यांत आणि गारगोटीच्या शेतांत जे मुरले ते देशाच्या धोरणात उतरले.

आणि पुढे काय झाले? 'कार्यानुभव' हा शब्द वाचताच महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेल्यांच्या ओठावर हसू आले असेल. खडू करणे, कागदी फुले, पाकिटे, काथ्याचे पायपुसणे. तेही बहुधा आईने किंवा ताईने केलेले, मुलाने नाव घालून शाळेत दिलेले. मास्तरांनी श्रेणी द्यायची, कपाटात ठेवायचे, पुढच्या वर्षी त्यातलेच एखादे दुसऱ्याच्या नावाने पुन्हा दाखवायचे! जी गोष्ट भाऊरावांच्या बोर्डिंगात पोटाशी बांधलेली होती ती इथे गुणपत्रिकेतली एक ओळ झाली. कल्पना वाईट नव्हती, शिक्षकही वाईट नव्हते. पण मुलांना त्यात काही ठरवायचेच नव्हते. काय करायचे, का करायचे, कुणासाठी करायचे, हे सगळे परिपत्रकात आधीच लिहिलेले. ज्या कामात करणाऱ्याचा शब्द चालत नाही त्याला आपल्याकडे वेठबिगार म्हणतात, अनुभव म्हणत नाहीत.

दरम्यान या मुलखावर दुसरेच वादळ आले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यापूर्वी जानेवारीत झालेल्या गोळीबाराची आठवण म्हणून १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. योगायोग असा की ज्या सातव्या घटनादुरुस्तीने ही पुनर्रचना पक्की केली तिनेच राज्यघटनेत कलम ३५० अ घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी पुरेशी सोय करावी, असे ते कलम सांगते. निपाणीची तर गंमतच झाली. गाव म्हैसूर राज्यात, आणि गावाला खेटून उभे राहिलेले देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. कॉलेजला जाणारी पोरे रोज राज्य ओलांडून जात आणि जेवायला परत येत.

मग आले १९८६. त्या वर्षी प्राथमिक शाळेपासून कन्नड सक्तीची करण्याच्या धोरणाविरुद्ध सीमाभागात आंदोलन पेटले. गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी १ जूनला तिथे लोक जमतात. आंदोलनाच्या मुळाशी शाळेतला प्रश्न होता, सहा-सात वर्षांच्या मुलाने कोणती अक्षरे गिरवायची हा. दोन्ही बाजूंनी जिवाच्या कराराने भांडणारी माणसे मुलांच्या भल्याचेच बोलत होती. कन्नड अभिमान्यांनाही आपल्या भाषेची शाळेत कुचंबणा होते याची खंत होती, ती खोटी नव्हती. पण बोलणारे सगळे मोठे होते.

त्याच १९८६ साली दिल्लीत बालमजुरीचा कायदा झाला. निपाणीच्या दृष्टीने हा कायदा फार जवळचा, कारण मुलांना ज्या कामांवर ठेवायला बंदी आली त्यांत विडीचे काम होते. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी इथला महामार्ग अडवला होता आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले होते. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांच्या लढ्यावर युगांतर या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. या बायकांची मुले शाळेआधीच पुष्कळ शिकलेली असत. सूपभर पाने, तंबाखूची चिमूट, दोऱ्याचा वेढा, शेकड्याचा हिशेब, मुकादमाने बाद केलेल्या विड्या... कायद्याने कारखान्यातले काम बंद केले, पण घरच्या माणसांबरोबर घरीच चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. विडी तर घरातच वळली जाते! म्हणजे मूल जिथे होते तिथेच राहिले, फक्त ते आता मजूर म्हणून कुठल्या कागदावर नव्हते.

एकाच वर्षात या पट्ट्यातल्या मुलाविषयी दोन मोठे निर्णय गाजले, एक त्याच्या जिभेचा आणि एक त्याच्या हाताचा. दोन्ही वेळा त्याला विचारावे असे कुणाच्या मनात आले नाही. अनुभवाने ही मुले श्रीमंत होती. त्या अनुभवाला शाळेत जागा नव्हती एवढेच. सूपभर विड्यांचा हिशेब तोंडी करणारी पोरगी शाळेत गणितात नापास होत असेल तर चूक पोरीच्या बाजूला शोधण्यात काय अर्थ?

विचारणारे कुणीच नव्हते असेही नाही. ते त्याच कर्नाटकात, पण किनारपट्टीवर निघाले. 'द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन' या बंगळुरूच्या संस्थेच्या पाठबळाने १९९० साली काम करणाऱ्या मुलांनी स्वतःची 'भीमा संघ' ही संघटना उभी केली. त्यातून कुंदापूर तालुक्यात मुलांच्या पंचायती, कानडीत 'मक्कळ पंचायत', निघाल्या. मुले गावाची पाहणी करीत, आकडे गोळा करीत आणि थोरांच्या पंचायतीपुढे मांडीत. पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही म्हणून शाळा बुडते, तेव्हा साकव बांधा. अशा मागण्या असत. साकव नसला तर काय होते हे आम्हां गोव्या-कोकणच्या लोकांना कुणी सांगायला नको. पण तो नसल्यामुळे वर्षातून शाळेचे किती दिवस बुडतात हे मोजायचे मात्र आपल्याकडे कुणाला सुचले नव्हते. ते मोजणारी मुलेच होती.

याचा परिणाम असा झाला की २००६ साली कर्नाटक सरकारने राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा, 'मक्कळ ग्रामसभा', घेण्यास सांगितले. राज्यातल्या सगळ्या म्हटल्यावर निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या भागांतल्या मराठी खेड्यांच्या पंचायतीही त्यात आल्या. ज्या कर्नाटकाशी सीमाभागातल्या मराठी माणसाचे भांडण आहे, त्याच कर्नाटकाने या माणसाच्या मुलाला पंचायतीसमोर उभे राहून बोलण्याची जागा दिली. महाराष्ट्रातल्या शाळांत विद्यार्थी मंत्रिमंडळे असतात. पण त्यातल्या आरोग्यमंत्र्याने नखे तपासायची आणि क्रीडामंत्र्याने चेंडू सांभाळायचा, यापलीकडे त्यांची सत्ता सहसा जात नाही. हे सांगताना मराठी माणूस म्हणून थोडे अवघडल्यासारखे होते, पण खरे ते सांगितले पाहिजे.

मुलाच्या शब्दाला किंमत देणारी दुसरी गोष्ट न्यायालयातून आली. शिक्षणाच्या माध्यमाचा कर्नाटकातला खटला वर्षानुवर्षे चालून ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला. प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, कोणत्या माध्यमातून शिकायचे हे निवडणे हा मुलाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे बोलण्याचे स्वातंत्र्य. म्हणजे वर्गात कोणत्या भाषेत बसायचे हा त्या मुलाच्या आवाजाचा प्रश्न झाला! मात्र हा हक्क मुलाच्या वतीने वापरणार आईबाप किंवा पालक. आणि आईबाप काय निवडतात हे आपण सगळेच पाहतो आहोत. बेळगावात काय, कोल्हापुरात काय, आमच्या पणजी-म्हापशात काय, परवडले की इंग्रजी. मराठी शाळेचा पट खाली चालला म्हणून गोव्यातही हळहळ व्यक्त होते. ज्या भाषांसाठी मोठ्यांनी लाठ्या खाल्ल्या त्या दोन्ही भाषा मुलांच्या दप्तरातून हळूच बाहेर पडत आहेत. या निकालाने मुलाच्या नावाने दार उघडले, पण त्यातून आत गेले ते पुन्हा मोठेच.

वाचक मित्रहो, या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. या मुलखात नागरिकत्वाचे शिक्षण जिथे जिथे रुजले, तिथे विद्यार्थ्याच्या हाती काहीतरी खरे ठरवायचे होते. जेवणाच्या पंगतीत नाही म्हणायचे होते, पीठ मोजायचे होते, मासिकात काय छापायचे ते निवडायचे होते, साकवाची गरज पटवून द्यायची होती. आणि जिथे ठरवणे मोठ्यांनी स्वतःकडे ठेवले तिथे हेतू कितीही चांगला असला तरी कार्यानुभवाची पाकिटे तेवढी उरली. नव्या धोरणातले दप्तराविना दहा दिवसही याच वाटेने जाऊ शकतात. निपाणीच्या शाळेतली मुले त्या दहा दिवसांत तंबाखूच्या वखारीत जाणार की कुंभाराकडे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. वखारीत गेली तर मजुरी आणि खोकला यांविषयी ती प्रश्न विचारतील, आणि ते प्रश्न गैरसोयीचे असतील. अंघोळ न करता पंगतीत बसू पाहणाऱ्या भाऊरावांचा प्रश्नही १९०८ साली गैरसोयीचाच होता.

मक्कळ ग्रामसभेचेही तसेच आहे. मराठी शाळेतल्या मुलीला तिथे मराठीत बोलू द्यावे, पंचायतीने तिला उत्तर द्यावे, आणि तिची मागणी व तिचे उत्तर दोन्ही भाषांत लिहून तो कागद शाळेच्या फळ्याशेजारी लावावा. पुढच्या वर्षी मुलांनी तोच कागद हातात घेऊन सभेत यावे आणि त्यातले काय झाले ते विचारावे. यासाठी ना सीमाप्रश्न सुटायची वाट पाहावी लागेल ना नव्या पुस्तकाची. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. मुले तोवर थांबत नाहीत. ती दहा वर्षांत शाळा संपवून निघून जातात, आणि जाताना, आपल्याला कुणी काही विचारले होते की नाही, एवढे मात्र पक्के लक्षात ठेवतात. गंगूबाईंनी नाही का ठेवले?